मुरगळलेला घोटा आणि घराचा धीर

खेळातली दुखापत क्षणात होते आणि तिचे भरून येणे मात्र आठवड्यांचे, कधी महिन्यांचे असते. पहिली घटना मैदानावर घडते आणि दुसरी जवळजवळ संपूर्णपणे घरात. मैदानावर पंचांची शिट्टी वाजते, दोघे सहकारी जखमी खेळाडूला खांद्याचा आधार देऊन रेषेबाहेर नेतात, त्याच्या जागी राखीव खेळाडू उतरतो आणि सामना पुढे सुरू होतो. त्यानंतरचे सारे, म्हणजे सूज उतरण्याची वाट पाहणे, पायाखाली उशी ठेवणे, जिना चढावा की नाही हे ठरवणे आणि पुन्हा मैदानावर कधी जायचे यावरून होणारी रोजची बोलाचाली, हे खाट, ओटी आणि स्वयंपाकघर यांच्या दरम्यान चालते. या घरगुती शुश्रूषेचा विचार करू लागले की एक सत्य सर्वांत आधी समोर येते: दुखणे थांबणे आणि अवयव बरा होणे या दोन घटना एकाच दिवशी घडत नाहीत. त्या दोहोंमध्ये जे अंतर असते, त्या अंतरात घर कसे वागते यावर त्या खेळाडूचा पुढचा हंगाम, आणि काही वेळा पुढचे आयुष्यही, अवलंबून राहते.

हे अंतर समजून घ्यायला मुरगळलेल्या घोट्याइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तीन अस्थिबंध असतात. अस्थिबंध म्हणजे एका हाडाला दुसऱ्या हाडाशी बांधून ठेवणारा चिवट तंतूंचा पट्टा. पाऊल खाली झुकलेले असताना तळवा आत वळला आणि शरीराचा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर आला, की या तिघांपैकी पुढचा आणि सर्वांत कमकुवत अस्थिबंध प्रथम ताणला जातो. कबड्डीत कोपरारक्षकाने चढाईपटूचा घोटा धरून ठेवलेला असतो आणि चढाईपटूचे उरलेले शरीर मध्यरेषेकडे झेपावत असते. खो-खोत बसलेला खेळाडू ‘खो’ मिळताच उठतो, हुलकावणी देणाऱ्या धावकाच्या मागे एका पावलावर झटकन वळतो आणि दमलेले पाऊल त्या वळणाला पुरे पडत नाही. दोन्ही ठिकाणी घडते ते एकच. तंतू केवळ ताणले गेले असतील तर ती पहिल्या श्रेणीची इजा, काही तंतू तुटले असतील तर दुसऱ्या आणि संपूर्ण पट्टा तुटला असेल तर तिसऱ्या श्रेणीची. घोट्याच्या बाबतीत दिलासा असा, की तिसऱ्या श्रेणीची इजाही बहुतेक वेळा शस्त्रक्रियेविना भरून येते. अट एवढीच, की तिला लागणारा वेळ आणि व्यायाम मिळाला पाहिजे.

तुटलेल्या तंतूंच्या जागी शरीर जे काम करते ते तीन टप्प्यांत समजून घेता येते. पहिले काही दिवस दाहाचे असतात: रक्तवाहिन्यांतून द्रव आणि पेशी त्या जागी गोळा होतात, घोटा सुजतो, गरम लागतो आणि दुखतो. ही सूज शत्रू मानून तिचा समूळ नायनाट करण्याचा मोह होतो, पण मोडतोड साफ करून दुरुस्तीला सुरुवात करणाऱ्या पेशी त्याच लाटेतून येतात. त्यानंतरच्या काही आठवड्यांत नवे तंतू विणले जातात. ते घाईघाईने आणि अस्ताव्यस्त घातलेले, म्हणून दुबळे असतात. शेवटचा टप्पा पुनर्रचनेचा, जो कित्येक महिने चालतो आणि ज्यात शरीर हे तंतू त्यांच्यावर पडणाऱ्या ताणाच्या दिशेने हळूहळू लावून घेते. वेदना मात्र यातल्या पहिल्या टप्प्याची सोबतीण आहे. ती साधारण दहा-पंधरा दिवसांत बरीचशी निघून जाते, आणि ती जाते तेव्हा नव्या तंतूंचे बळ अजून यायचे असते. नेमक्या याच सुमारास मुलगा म्हणतो की आता काही दुखत नाही, प्रशिक्षक विचारतात की परवाच्या सामन्याला येतोस का, आणि घरही सुटकेचा निःश्वास टाकून त्याला जाऊ देते.

पहिल्या तासाभरात घरापुढे जो प्रश्न असतो तो मात्र वेगळ्या स्वरूपाचा आहे: हे दुखणे घरात सांभाळण्याजोगे आहे काय? या प्रश्नाचे एक अत्यंत उपयुक्त उत्तर कॅनडातील ओटावा येथे इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडले. आपत्कालीन विभागात येणाऱ्या मुरगळलेल्या घोट्यांपैकी थोड्यांतच हाड मोडलेले असते, मग क्ष-किरण तपासणी नेमकी कोणाची करावी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांचे नियम साधे आहेत: घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या टोकावर अथवा त्याच्या मागच्या कडेवर बोटाने दाबल्यावर हाडच दुखत असेल, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावरचे किंवा आतल्या बाजूच्या कमानीवरचे हाड दाबल्यावर दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि पुढे तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढावे. अनेक देशांत हे नियम पारखले गेले असून हाड मोडलेला रुग्ण त्यांच्या नजरेतून क्वचितच सुटतो. घरच्या माणसांनी डॉक्टरांची जागा घ्यावी असा याचा अर्थ नाही; मात्र चार पावले टाकता येत नसलेल्या मुलाला ‘मुरगळलाय, होईल बरा’ म्हणून रात्रभर घरात ठेवू नये, एवढे तरी यातून प्रत्येक घराने शिकावे. वाढीच्या वयातील मुलांबाबत तर अधिक सावध राहणे योग्य, कारण त्यांच्या हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची पट्टी, म्हणजे जिथून हाड लांब होते तो कूर्चेचा थर, अनेकदा अस्थिबंधापेक्षाही नाजूक असतो आणि मुरगळल्यासारखी दिसणारी इजा प्रत्यक्षात त्या पट्टीची असू शकते.

घराने हात लावू नये अशाही काही दुखापती आहेत. निखळलेला खांदा, वेडावाकडा दिसणारा अवयव, बधिर किंवा पांढरी पडलेली बोटे, टाचेच्या मागे फटका बसल्यासारखा आवाज होऊन चवड्यावर उभे राहण्याची शक्तीच नाहीशी होणे, या सर्वांना तातडीने रुग्णालय हवे. ग्रामीण महाराष्ट्रात आजही हाडवैद्याकडे धाव घेतली जाते. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्या हातांवर विश्वास टाकला आहे आणि जवळ दुसरी सोय नसलेल्या काळात त्या हातांनी आधारही दिला आहे. परंतु बांबूच्या कामट्या घट्ट आवळून बांधल्याने अवयवाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, स्नायू मरतात आणि बोटे कायमची आखडतात. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. डोक्याला बसलेल्या माराबाबत तर तडजोडीला जागाच नाही. कबड्डीच्या पकडीत डोके आपटलेला खेळाडू गोंधळला, त्याला चक्कर आली किंवा घडलेले आठवेना, तर तो त्या दिवशी पुन्हा खेळायचा नाही. आणि वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, असाधारण गुंगी किंवा झटके यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब करायचा नाही.

जे घरात राहण्याजोगे आहे त्यासाठी मराठी घरांकडे उपचारांचा जुना साठा आहे. आंबेहळद आणि तुरटी उगाळून केलेला गरम लेप, रक्तचंदनाचे गंध, निरगुडीच्या पाल्याचा शेक, तेल लावून बांधलेले एरंडाचे पान, आणि काही भागांत बिब्ब्याचा चटका, असा हा साठा आजीकडून आईकडे आणि आईकडून सुनेकडे आला. त्याकडे तुच्छतेने पाहणे जितके चुकीचे, तितकेच तो सरसकट पवित्र मानणेही चुकीचे आहे. त्वचेवर लावलेला लेप खोल तुटलेला तंतू जोडतो असे मानायला आधार नाही. पण लेप वाळेपर्यंत पोराला पाय उंच ठेवून बसावे लागते, शेजारी कुणीतरी मायेने बसते आणि धावपळ आपोआप थांबते, हा त्या लेपाचा खरा आणि मोलाचा गुण आहे. गरम लेप आणि शेक पहिल्या दोन दिवसांत मात्र टाळावेत, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतला रक्तस्राव व सूज वाढते. सूज ओसरू लागल्यावर आखडलेल्या स्नायूंना तोच शेक आराम देतो. ताज्या इजेवर जोरकस मालिश करणे किंवा ‘शीर बसवण्या’साठी पाय ओढणे यांनी अर्धवट तुटलेले तंतू अधिक तुटू शकतात. बिब्ब्याला तर निरोपच द्यावा. त्याचा चीक त्वचा भाजतो, बिब्बा उतला की फोड येतात, जखम चिघळते आणि मूळ मुरगळीपेक्षा तिच्या उपचाराचेच दुखणे मोठे होऊन बसते.

आधुनिक वैद्यकानेही या बाबतीत आपली मते बदलली आहेत, आणि तो बदल कसा झाला हे जाणून घेणे घरासाठी बोधप्रद आहे. अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चतुःसूत्री सांगितली. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेला ‘राइस’ हा शब्द पुढे जगभरच्या मैदानांवर पोहोचला. सुमारे साडेतीन दशकांनंतर खुद्द मिर्किन यांनीच लिहिले की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याची क्रिया लांबू शकते. दरम्यान २०१२ मध्ये क्रीडावैद्यकातील संशोधकांनी या सूत्रातील नुसत्या विश्रांतीच्या जागी संरक्षण आणि योग्य भार ही जोडी सुचवली होती. योग्य भार म्हणजे दुखऱ्या अवयवाला सोसवेल एवढी आणि दिवसेंदिवस थोडी वाढत जाणारी हालचाल. २०१९ मध्ये मांडल्या गेलेल्या सूत्रात तर बर्फाचा आग्रह जवळजवळ सोडून देऊन रुग्णाला समजावून सांगणे, त्याचे मन आशावादी ठेवणे आणि लवकर चालते करणे यांवर भर दिला गेला. या सर्व मतांतून घरापुरता निष्कर्ष असा निघतो: पहिले दोन-तीन दिवस पायाला जपावे, दुखणे फार असेल तर पंच्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, तो थेट त्वचेवर ठेवू नये, क्रेप बँडेज बोटांकडून वर नेत बेताच्या दाबाने बांधावे, पाय छातीच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा आणि झोपताना बँडेज सोडावे. वेदनाशामक लागलेच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. उपाशीपोटी घेतलेल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या जठराला बाधतात, आणि सामना खेळता यावा म्हणून गोळी घेणे म्हणजे शरीराने दिलेला इशारा आपल्याच हाताने पुसून टाकणे होय.

घराची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, जेव्हा सूज उतरलेली असते आणि कुणालाच काही करण्याची निकड वाटत नाही. अस्थिबंधांत केवळ बळ नसते, तर अवयव कोणत्या स्थितीत आहे हे मेंदूला कळवणाऱ्या संवेदी चेतातंतूंची टोकेही असतात. या जाणिवेला स्थितिबोध म्हणता येईल. ब्रिटिश शल्यविशारद मायकेल फ्रीमन यांनी १९६५ मध्ये असे मांडले की मुरगळलेल्या घोट्याचा स्थितिबोध बिघडल्यामुळेच तो वारंवार दगा देतो आणि डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळण्याच्या व्यायामाने तो सुधारता येतो. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता वाढते, आणि योग्य पुनर्वसनाअभावी बऱ्याच जणांच्या मागे आयुष्यभराचा अस्थिर घोटा लागतो, ही गोष्ट क्रीडावैद्यकात आज सर्वमान्य आहे. त्यावरचा उपाय स्वस्त असून घरातच होतो. पहिल्या आठवड्यात खाटेवर बसून पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवावी, म्हणजे घोटा सर्व दिशांना फिरतो; मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पावलाभोवती अडकवून तिच्या विरोधात पाऊल बाहेर ढकलावे; मग जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा उंचवाव्यात आणि हळू खाली आणाव्यात. दात घासताना दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहावे, ते जमू लागल्यावर डोळे मिटून आणि त्यानंतर दुमडलेल्या गोधडीवर उभे राहून पाहावे. शेवटी उड्या, वळणे आणि नागमोडी धावणे. दुखऱ्या पायावर बऱ्या पायाइतक्याच उड्या न डगमगता मारता येऊ लागल्या, की मैदानाचा विचार करावा. कॅलेंडरवरचा दिवस पाहून तो करू नये. हा कार्यक्रम सहा आठवडे किंवा त्याहून अधिक चालतो आणि त्यातला बहुतेक काळ खेळाडूला काहीही दुखत नसते. न दुखणाऱ्या पायासाठी रोज पंधरा मिनिटे काढायला लावणे, हे घराने करायच्या शुश्रूषेतले सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे काम आहे.

प्रतिबंधाचा विचारही याच धीराचा विस्तार आहे, आणि तो महाराष्ट्राला नवा नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमींत हौद्यातली लाल माती रोज उकरून मऊ केली जाते, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मिसळले जाते आणि पोरांकडून आधी जोर-बैठका काढून घेऊन मगच वस्ताद त्यांना लढतीला सोडतात. पडणारे अंग कशावर पडणार आणि ते पडायला तयार आहे की नाही, याची काळजी त्या व्यवस्थेतच विणलेली आहे. जागतिक फुटबॉल महासंघाने तज्ज्ञांच्या मदतीने आखलेला ‘अकरा अधिक’ हा सुमारे २० मिनिटांचा सरावपूर्व कार्यक्रम त्याच विचाराचे आधुनिक रूप म्हणता येईल: सावकाश धावणे, मग ताकद, तोल व उड्यांचे व्यायाम, मग वेगाने धावणे. आठवड्यातून किमान दोनदा नियमाने तो करणाऱ्या हौशी खेळाडूंच्या संघांत दुखापती लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी गुडघ्यांवर बसून, कुणीतरी घोटे धरलेले असताना, शरीर हळूहळू पुढे सोडण्याचा व्यायाम त्या स्नायूंच्या दुखापती सुमारे निम्म्याने घटवतो. त्याला लागते एक सतरंजी आणि घोटे धरणारा भाऊ किंवा बहीण. कबड्डी मातीवरून मॅटवर गेल्यापासून तर ही तयारी अधिकच आवश्यक झाली आहे, कारण मॅटवर बुटाची पकड पक्की असते आणि पाऊल न सरकता शरीर वळले तर तो पीळ गुडघ्यावर येतो.

दुखापतींचा दुसरा मोठा प्रकार क्षणात न होता साचत जाणारा आहे, आणि तो पाहायचा असेल तर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुण-तरुणींकडे पाहावे. मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटरची धाव वेळेत पूर्ण करायची असते. जाहिरात निघाली की महिनोन्‌महिने न धावलेले पाय पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर एकदम रोजचे कित्येक किलोमीटर धावू लागतात आणि तीन-चार आठवड्यांत नडगीची आतली कड दुखू लागते. हाड आणि त्यावरील आवरण वाढत्या भाराशी जुळवून घेऊ शकते, पण त्यासाठी लागणारा वेळ त्याला दिलेला नसतो. अशा वेळी फवारा मारून धावत राहिल्यास त्याच जागी हाडाला सूक्ष्म तडा जाऊ शकतो. दुखणे एका बोटाएवढ्या जागेत एकवटले किंवा रात्री झोपेतही ठणकू लागले तर तो तड्याचा इशारा समजून डॉक्टरांकडे जावे. उपाय मात्र औषधापेक्षा वेळापत्रकात आहे: जाहिरातीच्या कितीतरी आधी सुरुवात करणे, अंतर आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवणे, मातीची पायवाट निवडणे, मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवणे, पुरेशी झोप घेणे आणि पोटभर जेवणे. हे जेवण आणि ही झोप देणे घराच्या हाती आहे, आणि म्हणून प्रतिबंधाचा अर्धा भार घरावर येतो.

हे सारे माहीत असूनही घर कुठे कमी पडते याचा विचार केला, तर उत्तर बहुधा ज्ञानापेक्षा भयाशी निगडित असते. मुलगी खो-खो खेळते हे ज्या घरात जेमतेम सहन केले जाते, त्या घरात तिचा मुरगळलेला पाय हा खेळ बंद करण्याचा पुरावा ठरतो, म्हणून ती तो लपवते; लंगडू नये याची काळजी घेत पाणी भरते, भाकऱ्या थापायला बसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर जाते. भावाला मिळणारी खाटेवरची विश्रांती तिच्या वाट्याला येत नाही, कारण घरकामाला सुट्टी नसते. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात विजयी ठरलेल्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांनी केले, त्या वेळी राज्यभर आनंद झाला. तो आनंद खरा ठरवायचा असेल तर गावोगावच्या मुलींना आपले दुखणे न घाबरता सांगता आले पाहिजे आणि सांगितल्यावर खेळावरची बंदी न येता विश्रांती मिळाली पाहिजे. लपवलेल्या इजेवर कोणताही उपचार चालत नाही, मग तो लेपाचा असो की ओटाव्याच्या नियमांचा.

घरगुती उपचार म्हटले की मन औषधांच्या यादीकडे वळते, परंतु वर आलेल्या प्रत्येक उपायाचे मूळ वेळेत आहे: कधी धावत रुग्णालय गाठायचे, कधी शेक थांबवायचा, कधी पाय टेकू द्यायचा आणि कधी, काही दुखत नसतानाही, अजून दोन आठवडे थांब असे प्रेमाने सांगायचे. हे सांगायला वैद्यकाची पदवी लागत नाही. तुटलेले तंतू आपल्या गतीने जुळतात यावर विश्वास आणि ते जुळेपर्यंत रोजच्या पंधरा मिनिटांच्या व्यायामाला सोबत करण्याची तयारी लागते. ती तयारी ज्या घरात असते, तिथला खेळाडू पुढच्या हंगामात मैदानावर उतरतो तेव्हा त्याचे पाऊल त्याला दगा देण्याची शक्यता खूप कमी झालेली असते, आणि त्यात त्याच्या प्रशिक्षकाइतकाच त्याच्या घराचाही वाटा असतो.